काळ्या निशाणावरची सांबरशिंगे

सावरडोहच्या शाळेच्या दारावर काळ्या दगडाची एक ढाल आहे. तिच्यावर पांढऱ्या दगडात बसवलेली सांबराची दोन शिंगे आहेत. बाकी काही नाही. शाळेचे नाव नाही, स्थापनेचे साल नाही, संस्कृत वचन नाही, कमळ नाही, उगवता सूर्य नाही. पाहुणे फाटकापाशी थांबतात, वर बघतात आणि बहुतेक जण एकच विचारतात, "एवढंच?"

एवढेच. बरीच वर्षे मी पाहुण्यांना शाळा दाखवून इथे वर घेऊन येतो, आणि हा प्रश्न ऐकला की मला अजून राग येतो. पाहुण्यांचा नव्हे. ते ज्या प्रकारच्या बिल्ल्यांना सरावले आहेत त्यांचा. परवाच एका शाळेचे संचालक मंडळ आले होते. त्यांच्या कॅडेटांच्या टोपीवरच्या बिल्ल्यात पुस्तक, मशाल, गरुड, पृथ्वीचा गोल, संगणक आणि संस्थापकांचा चष्मा घातलेला चेहरा, असे सगळे सुपारीएवढ्या जागेत बसवले होते. हे काय आहे, असे मी विचारले. "आमची सगळी मूल्यं आहेत त्यात," अध्यक्ष म्हणाले. मी त्यांना या दगडावर बसवले आणि इथली हकीकत सांगितली. तुम्हालाही तीच सांगतो. वारा आहे, टोप्या सांभाळा.

आपण बसलो आहोत हा ओळखकडा. दरीपलीकडे लोखंडी खांब दिसतो तो निशाणमाळ. मधल्या उतारावरून वळसे घेत खाली जातो तो घाटरस्ता. हा रस्ता अजून फोडायचा होता आणि सावरडोहला संस्थान होते, तेव्हाची ही गोष्ट.

त्या काळी संस्थानात शाळा निघाली आणि शाळेत मुलांचे पथक उभे राहिले. खाकी कपडे, गोल टोपी, सकाळी कवायत. पथकाला निशाण हवे म्हणून चित्रकलेचे पिंगे मास्तर यांना सांगण्यात आले. मास्तरांनी एका आठवड्यात चित्र दिले. काळी जमीन, तिच्यावर पांढरी सांबरशिंगे. या डोंगरात सांबरे पुष्कळ होती, मुलांनी ती पाहिलेली होती, आणि शिंगांचा आकार असा की डोळे अर्धे मिटले तरी कळावा. चित्र राजेसाहेबांच्या दरबारात गेले आणि तिथेच त्याचे वाटोळे झाले.

संस्थानात सात मानकरी घराणी होती. जत्रेत पालखीला खांदा कोणी आधी द्यायचा, होळीला नारळ कोणी टाकायचा, पंगतीत पहिले पान कोणाचे, हे सगळे ठरलेले. आता निशाण नवे होते आणि त्यात कोणाचा मान कुठे हे ठरलेले नव्हते. पहिले मानकरी म्हणाले, आमच्या घराण्याचा सूर्य यात हवा. मग दुसऱ्यांची तलवार आली. तलवार आली म्हटल्यावर तिसऱ्यांनी घोडा मागितला. हे तिसरे म्हणजे बयाजीराव इंगवले. त्यांचे नाव लक्षात ठेवा. मग दिवा, कमळ, नांगर, मोर. दिवाणसाहेब स्वतः शिकलेले, त्यांनी एक उघडे पुस्तक आणि खाली एक वचन घातले. शिंगे काढून टाका असे कोणी म्हटले नाही. ती फक्त सरकत सरकत घोड्याच्या पायाखाली गेली आणि तिथे वाळक्या काटक्यांसारखी पडून राहिली.

राहिला रंग. थोरल्या मानकऱ्यांच्या मातोश्री पडद्याआडून म्हणाल्या म्हणे, "शाळेच्या कपाळाला काळं लावता? शुभ काही सुचेना का तुमच्या मास्तराला?" काळी जमीन गेली. लाल आली, कुंकवासारखी.

पिंगे मास्तर दरबारात उभे होते. त्यांना कोणी काही विचारले नाही, आणि तेही काही बोलले नाहीत. घरी जाऊन त्यांनी आठ वेगवेगळे रंग कालवले आणि सांगितले तसे काढून दिले.

तेच चित्र टोपीच्या बिल्ल्यावरही आले. मुलांना मात्र ते पहिल्या दिवशीच कळले. "आमच्या टोपीवर आठवड्याचा बाजार भरलाय," असे ती एकमेकांना म्हणत. "तुझा मोर कुठाय?" "नांगराला जुंपलाय." हसण्यावारी गेले. बिल्ल्यात काही ओळखू येत नाही, यात कोणाचे काही बिघडेल असे मुलांनाही वाटले नव्हते.

बयाजीरावांचा मुलगा रायाजी त्या पथकाचा प्रमुख होता. वय सोळाच्या आसपास. त्याची आई आवडाबाई. रायाजीविषयी फार काही सांगत नाहीत. चिंचा पाडण्यात पटाईत होता, लहान मुलांना त्याचा धाक नव्हता पण ती त्याचे ऐकत, एवढेच सांगतात. मेलेल्या मुलाविषयी लोकांच्या लक्षात एवढेच राहते. आईच्या लक्षात काय राहिले असेल ते कोणी विचारलेले नाही.

फाल्गुनात पथकाची लांबची चाल असे. मुलांना डोंगरातून फिरवून आणायचे, आणि जेवण-पाणी कुठे ठेवले आहे ते आधी सांगायचे नाही. निशाण दिसेल तिथे उतरायचे, हीच परीक्षा. त्या वर्षी रायाजी लहान मुलांची एक तुकडी घेऊन याच कड्यावर पोचला. डोंगरात जागोजागी गवत पेटवलेले होते, हवा धुरकट होती. समोर निशाणमाळावर पथकाचे निशाण लावलेले होते. आणि त्याच वेळी खाली, घाटाच्या वळणावर, रस्त्याचे काम करणाऱ्यांनी त्यांचे लाल फडके लावलेले होते. सुरुंग भरला आहे, कोणी येऊ नये, अशी ती खूण.

इथून दोन लाल फडकी दिसत होती. दोन्ही फडफडत होती.

रायाजी बराच वेळ बघत उभा राहिला, असे ती लहान मुले पुढे सांगत. डोळ्यांवर हात धरून बघितले, दगडावर चढून बघितले. मग म्हणाला, "बसा इथेच. कोणी हलायचं नाही. कुठलं आपलं ते मी जवळ जाऊन बघून येतो." वळणावरचे फडके जवळ होते, म्हणून तो आधी तिकडे उतरला. वात पेटवून माणसे खडकाआड गेलेली होती. त्यांनी त्याला पाहिले, ओरडलीही म्हणे, पण वारा उलटा होता.

सुरुंग उडाला. लोक धावत वर आले तेव्हा ती मुले याच दगडावर ओळीने बसलेली होती. स्फोट ऐकूनही एकही उठले नव्हते. हलायचे नाही असे त्याने सांगितले होते.

दिवाणसाहेबांनी चौकशी केली आणि शाळेच्या पटांगणात निकाल सांगितला. पथकप्रमुखाने निशाण नीट पाहिले असते तर हा प्रसंग टळला असता, हा हलगर्जीपणा होय. एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चालले असते. पण तेव्हापासून पथकात नवी मुले भरती झाली की शपथेनंतर त्यांना बजावण्यात येऊ लागले, "नजर ठेवा. इंगवल्यांच्या रायाजीसारखं करू नका." शाळा घरापासून फार दूर नव्हती. पटांगणातला आवाज आवडाबाईंना माजघरात ऐकू येत असे.

त्यांनी पहिल्यांदा नवऱ्याला सांगितले. "अहो, ती ओळ बंद करा. तुमचं दरबारात वजन आहे."

"आता बोलून पोरगा परत येणार आहे का?"

"पोरगा मागत नाही मी. तो हलगर्जी नव्हता, एवढं म्हणा."

बयाजीराव म्हणाले, "मग दोष निशाणाचा, असं म्हणू? त्यावर सातही घराणी आहेत. आपलंही आहे."

"आहे ना," आवडाबाई म्हणाल्या. "तुमचा घोडा आहे. शिंगं त्याच्याच पायाखाली गेली."

त्यानंतर नवरा-बायकोत या विषयावर बोलणे झाले नाही असे सांगतात. त्या दिवसापासून आवडाबाईंनी लाल रंग अंगाला लावला नाही. घरच्यांना वाटले, दुःख आहे, ओसरेल. तो राग होता, हे कोणाला समजले नाही. बाईमाणूस गप्प राहिले की ते दुःखच, असे धरून चालतात लोक.

मग त्या पिंगे मास्तरांकडे गेल्या. मास्तर उठून उभे राहिले.

"मास्तर, तुमचं पहिलं चित्र या डोंगरावरून दिसलं असतं?"

"दिसलं असतं, वहिनीसाहेब."

"तुम्हाला हे दरबारात माहीत होतं?"

"होतं."

"मग तोंड का शिवलं होतं?"

"नोकरमाणूस आहे मी."

"तो तुमचा विद्यार्थी होता," त्या म्हणाल्या. मास्तरांनी मान खाली घातली. ती तशीच राहू देऊन आवडाबाई पुढे म्हणाल्या, "आता एक काम करा. या वेळी तरी सांगितलेलं करू नका, समजून करा."

रायाजीचे वर्षश्राद्ध आले. सातही मानकरी, दिवाणसाहेब, सगळ्यांना बोलावणे गेले. पाने मांडायच्या आधी आवडाबाई ओसरीवर आल्या आणि म्हणाल्या, "जेवणाआधी एक मान आहे. माझ्या मुलाला जे निशाण दिसलं नाही ते समोरच्या माळावर लावलंय. कड्यावर चला. ज्याने त्याने आपल्या घराण्याची खूण तिथून दाखवायची. म्हणजे निशाण दिसत होतं आणि पोरानंच बघितलं नाही, हे माझ्या मनाला पटेल. मग मी पुन्हा तोंड उघडणार नाही."

मानाची गोष्ट म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? पंगत थांबवून सगळे वर आले. पहिला मान कोणाचा यावरून इथे या दगडावरही थोडी कुरबुर झाली म्हणे.

समोर खांबावर लाल काहीतरी फडकत होते.

थोरले मानकरी पुढे झाले. "सूर्य आहे की वर. लख्ख."

दुसरे म्हणाले, "तलवार दिसते. मूठसुद्धा."

चौथ्यांना दिवा दिसला. पाचव्यांना कमळ. सहाव्यांचे वय झालेले, त्यांना नातवाने दंडाला धरून आणले होते. त्यांनी विचारले, "निशाण कुठल्या बाजूला आहे?" नातवाने त्यांचे तोंड तिकडे वळवले. "हां हां, नांगर आहे," ते म्हणाले. सातव्यांना मोराचा पिसारा दिसला. दिवाणसाहेबांनी तर पुस्तकाची पाने उघडी असल्याचेही सांगितले आणि आवडाबाईंकडे वळून सौम्य आवाजात म्हणाले, "बाई, दुःख आम्हालाही आहे. पण डोळे उघडे ठेवले तर दिसतं."

बयाजीराव तिसरे. त्यांची पाळी केव्हाच येऊन गेली होती, पण ते मागे सरले होते. आता ते पुढे आले. त्यांनी डोळ्यांवर हात धरला. मग ते या दगडावर चढले. बराच वेळ तिकडे बघत राहिले.

"घोडा दिसत नाही का, इंगवले?" कोणीतरी हसून विचारले.

"नाही," बयाजीराव म्हणाले. "काहीच दिसत नाही. लाल आहे, एवढंच दिसतं."

आवडाबाई म्हणाल्या, "रायाजीलाही एवढंच दिसलं होतं."

मग त्यांनी हात उंच करून खूण केली. पलीकडे पिंगे मास्तरांनी ते कापड उतरवले आणि ते दरी ओलांडून इकडे यायला निघाले. दरी उतरून चढून यायला वेळ लागतो, तुम्ही आत्ता चढून आलात, तुम्हाला माहीत आहे. तेवढा वेळ कोणी खाली गेले नाही. जावेसे अनेकांना वाटले असेल. पण आधी जायचा मान कोणाला घ्यावासा वाटला नाही.

मास्तर आले. त्यांनी काखेतले कापड दगडावर उलगडले. तो आवडाबाईंचा लग्नातला शालू होता. साधा लाल, जरीचा काठ. त्यावर सूर्य नव्हता, तलवार नव्हती, पुस्तक तर नव्हतेच.

इथे काही लोक सांगतात की त्या क्षणी समोरच्या कड्यावर एक सांबर येऊन उभे राहिले आणि सगळ्यांनी त्याला हात जोडले. मी ते सांगत नाही. सहा प्रतिष्ठित माणसे आणि एक दिवाण, एका मेलेल्या मुलाच्या श्राद्धाला येऊन, त्याच्या आईच्या तोंडावर खोटे बोलली, तेही एका चित्रातल्या कोपऱ्यासाठी, एवढे पुरेसे आहे. या गोष्टीला सांबराची गरज नाही. आठांतले एकटे बयाजीराव खरे बोलले असे तुम्ही म्हणाल. बोलले. वर्षभराने.

दिवाणसाहेब हुशार होते. ते लगेच म्हणाले, "ठीक आहे. निकालातला तो शब्द आम्ही बदलून घेऊ."

"बदलून घेऊ नका," आवडाबाई म्हणाल्या. "पटांगणात मोठ्यानं म्हणत होता ना? इथे उभं राहून, तेवढ्याच मोठ्यानं म्हणा. तो हलगर्जी नव्हता. ओळख पटेना म्हणून तो जवळ गेला, आणि जाताना लहान मुलांना मागे ठेवून गेला. एवढं म्हणा."

आधी कोणी म्हणायचे, म्हणून जो तो दुसऱ्याकडे बघू लागला. तेव्हा त्या थोरल्या मानकऱ्यांकडे वळल्या.

"तुम्ही म्हणा आधी. पहिला मान तुमचा."

मग एकेकाने, मानाच्या क्रमाने, दरीकडे तोंड करून ते वाक्य म्हटले. खाली रस्त्यावर खडी फोडणारी माणसे काम थांबवून वर बघू लागली. सहाव्या मानकऱ्यांना नीट उच्चारता येईना, त्यांच्याकडून आवडाबाईंनी दोनदा म्हणून घेतले. बयाजीराव तिसरे. त्यांनी वाक्य सुरू केले आणि "तो" या शब्दाशीच त्यांचा आवाज गेला. आवडाबाई थांबून राहिल्या. नवरा आहे म्हणून सोडले नाही. पुरे होईपर्यंत थांबल्या. शेवटी दिवाणसाहेबांनी म्हटले. मग त्या म्हणाल्या, "चला, पानं वाढते," आणि खाली उतरल्या.

शालू कोणी उचलला ते सांगत नाहीत. जुने निशाण त्याच आठवड्यात उतरले आणि पिंगे मास्तरांचे पहिले चित्र वर गेले. काळ्यावर पांढरी शिंगे. ते काळे आहे, अशुभ आहे, असे त्यानंतर कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही.

आता तुम्ही विचाराल की एवढ्या एका गोष्टीवरून सगळा मुलूख शहाणा झाला का? नाही झाला. संस्थान गेले, मानकरी गेले, त्यांच्या जागी मंडळे आली. मंडळातल्या प्रत्येकालाही आपले काहीतरी त्या बिल्ल्यात हवे असते. देणगी देणाऱ्याचे आडनाव, अमक्याच्या वडिलांचे आवडते फूल, तमक्याच्या तालुक्याचा नकाशा. नाही म्हणायला कोणी धजत नाही, कारण नाही म्हटले की माणूस दुखावतो. आणि माणूस दुखावू नये म्हणून आपण मुलांच्या छातीवर काय वाटेल ते चिकटवतो. त्याला सर्वसमावेशक म्हणतात. मी त्याला भित्रेपणा म्हणतो. खूण ही ओळखण्यासाठी असते. पुरात, धुरात, गर्दीत, आपले मूल कुठे आहे आणि मुलाला आपली माणसे कुठे आहेत हे दुरून कळावे म्हणून ती असते. ज्यांना कधी दुरून कोणाला शोधावे लागले नाही त्यांनाच तिच्यात मोर आणि मशाली भराव्याशा वाटतात.

पण या डोंगराभोवतीच्या गावांनी एक रीत धरून ठेवली आहे. आजही इथल्या कोणत्याही शाळेने, कोणत्याही कॅडेट पथकाने नवे निशाण किंवा नवा बिल्ला करायचा ठरवला की त्याचे कापडी निशाण समोरच्या खांबावर चढते. शेजारी दुसरी दोन-तीन निशाणे असतात, मुद्दाम त्याच रंगांची. आणि इकडे या दगडावर त्या वर्षी पथकात जाणाऱ्या एखाद्या मुलाची किंवा मुलीची आई उभी राहते. चित्र तिला आदल्या दिवशी एकदाच दाखवलेले असते. तिने बोट करून सांगायचे, आपले कुठले. नाही सांगता आले तर ते चित्र बाद. आजूबाजूला अध्यक्ष असतात, मुख्याध्यापक असतात, चित्र काढणारा असतो. कोणी तिच्याशी बोलायचे नाही. नीट बघा, असे तर मुळीच म्हणायचे नाही. तसे म्हणणाऱ्याला पूर्वी इथून हात धरून खाली नेत, आताही नेतात.

मागच्या वर्षी खालच्या वाडीतली एक बाई उभी होती, लेकीला कॅडेट व्हायचे होते म्हणून. निशाणाचे चित्र शहरातून करून आणलेले, छपाई सुंदर, वर्तमानपत्रात फोटो येऊन गेलेला. बाई पाहत राहिली. ऊन होते, तिने पदर डोक्यावर घेतला, पुन्हा पाहिले. चुकले तर लेकीच्या शाळेचा अपमान, हे तिला कळत होते. सगळे मास्तर मागे उभे होते.

शेवटी ती म्हणाली, "ह्यात माझी पोर कुठं आहे ते मला कळत नाही."

कोणी कारण विचारले नाही. पलीकडे निशाण उतरू लागले.